प्रकल्प नोंदी: लाल डोळा आणि दाबाचा आकडा

४ नोव्हेंबर २०२४

टोनोमीटर, म्हणजे डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र, आज हातात पडला. रिबाउंड पद्धतीचा, खास जनावरांसाठी बनवलेला. एक्स-रे खोलीचं काम पुढच्या वर्षावर ढकललं तेव्हा कुठे पैसे जुळले. मामा, म्हणजे दवाखान्यातले आमचे सगळ्यात जुने मदतनीस, खोका बघून म्हणाले, "मॅडम, एवढ्यात दुभती म्हैस दारात आली असती." आली असती, खरंय.

काय करायचंय ते आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत. ज्या कुत्र्याचा किंवा मांजराचा डोळा लाल, धुरकट, मोठा झालेला किंवा मिटलेला असेल, त्याच्या दोन्ही डोळ्यांचा दाब मोजल्याशिवाय कुठलेही थेंब लिहून द्यायचे नाहीत. शिवाय कॉकर स्पॅनियल, बीगल, बॅसेट, हस्की, शित्झू आणि चाऊ चाऊ लसीला आले की त्यांचे डोळे मोजायचेच. वय झालेल्या मांजरांचेही.

डोळ्याच्या आत, बुबुळामागच्या सिलिअरी बॉडीत सतत पाणी तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) व बुबुळ जिथे मिळतात त्या कोनातून निचरा होऊन रक्तात जातं. निचरा अडला की दाब चढतो; त्याने नजर जायला लागली की तो काचबिंदू. कुत्र्या-मांजरांत १० ते २५ मिलिमीटर पारा हा साधारण नेहमीचा दाब. माणसाचा काचबिंदू बहुधा वर्षानुवर्षं गुपचूप नजर खात बसतो. कुत्र्याचा दाब मात्र एका रात्रीत पन्नास-साठच्या घरात जाऊ शकतो आणि मग डोळ्याची नस एक-दोन दिवसांत, कधीकधी काही तासांतच कामातून जाते. आमच्याकडे मात्र लाल डोळ्याचा प्रवास ठरलेला: आधी घरात उरलेले थेंब, मग मेडिकलमधून आणलेले थेंब, मग गुलाबपाणी, आणि सगळ्यात शेवटी आम्ही.

९ नोव्हेंबर

सराव चालू आहे, निरोगी जनावरांवर. यंत्रातली हलकी सुई चुंबकाने पुढे ढकलली जाते, तिचं गोल प्लॅस्टिकचं टोक कॉर्नियाला टपकन लागतं आणि मागे येतं. डोळा जितका टणक, तितकी ती झटकन परतते. असे सहा टपके झाले की यंत्र आकडा दाखवतं. भुलीचे थेंब लागत नाहीत, बहुतेक कुत्र्यांना काही झालंय हेसुद्धा कळत नाही. सुई जमिनीला समांतर राहिली पाहिजे, एवढी एक अट. कुत्र्याने नाक छताकडे केलं की थांबायचं.

आकडा खोटा पाडणं किती सोपं आहे ते आज एका लॅब्राडॉरने शिकवलं. उजवा डोळा ३१, डावा ३०, आणि कुत्रा एकदम ठणठणीत, शेपूट हलवतोय. बघितलं तर मालकाने पट्ट्यात बोटं घालून मान घट्ट धरलेली. पट्टा काढला, छातीला हात लावून उभं केलं, पाच मिनिटं जाऊ दिली. १८ आणि १७. गळपट्ट्याला ताण बसला की डोळ्याचा दाब वाढतो आणि छातीच्या पट्ट्याने तो तसा वाढत नाही, हे २००६ सालच्या एका अभ्यासात मोजून दाखवलेलं आहे. वाचलेलं होतं. आता समोर पाहिलं.

इंटर्नला सांगून ठेवलंय: पट्टा काढायचा, मान धरायची नाही. पापणी उघडताना बोटं कडेच्या हाडावर टेकवायची, डोळ्याच्या गोळ्यावर भार नको. कुत्र्याचा दाब सकाळी थोडा जास्त असतो आणि दिवसभरात उतरतो, म्हणून आकड्यासोबत वेळही लिहायची. झटापट झाली असेल तर तसं लिहायचं. नुसता आकडा लिहिलेली नोंद मला नको.

१७ नोव्हेंबर

मिरजेत डोळ्यांचे एक निवृत्त डॉक्टर आहेत, माझ्या सासऱ्यांचे मित्र. त्यांच्या कपाटात जुना शिऑट्झ टोनोमीटर निघाला, मखमलीच्या डबीत, वजनांसकट. नॉर्वेच्या याल्मार शिऑट्झ यांनी १९०५ साली हा प्रकार आणला. कॉर्नियावर उभा ठेवायचा, दांडा किती रुततो ते काट्यावर बघायचं. आकडा कमी म्हणजे दाब जास्त, मग तक्त्यावरून रूपांतर. काका म्हणाले, "आमची अख्खी हयात याच्यावर गेली. घेऊन जा, तुझं ते बॅटरीवालं बंद पडलं तर उपयोगी येईल."

कुत्र्यावर वापरायचा तर भुलीचा थेंब टाकून नाक आढ्याकडे धरावं लागतं. शांत कुत्र्यावर जमतं. मांजरावर जमवणाऱ्याला माझा नमस्कार. तरी ज्या दवाखान्यात काहीच नाही तिथे हा असणं लाखमोलाचं, कारण १८ आणि ५८ यांतला फरक तोही दाखवतो. बोटाने डोळा दाबून अंदाज घेण्याच्या पद्धतीवर माझा काडीचाही विश्वास नाही.

२ डिसेंबर

कॉकर स्पॅनियल, मादी, सात वर्षांची, १२ किलो. नाव ब्राउनी. डावा डोळा दहा दिवसांपासून लाल. मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइड-अँटिबायोटिकचे थेंब चालू होते. तिच्या घरच्या काकू म्हणाल्या, "लाली थोडी कमी झाली होती, मॅडम. मग निळं निळं दिसायला लागलं. मोतीबिंदू पडला काय?"

कॉर्नियावर निळसर धुकं. पांढऱ्या भागावरच्या जाड शिरा फुगून उभ्या राहिलेल्या. नुसत्या डोळे येण्यात दिसते तशी सरसकट लाली ही नव्हे. बाहुली मोठी, बॅटरीच्या उजेडालाही ढिम्म. डाव्या बाजूने हात पुढे नेला तर पापणी लवली नाही. कापसाचा बोळा त्या बाजूने सोडला, मान वळली नाही. डाव्या डोळ्यात झगझगीत उजेड मारूनही डोळा मिचकावला नाही. ही शेवटची तपासणी महत्त्वाची, कारण दिसत नसलं तरी नस थोडी जिवंत असेल तर मिचकावणं टिकून राहतं. उजेड डाव्यात टाकून उजवी बाहुली आवळते का तेही पाहिलं. नाही.

दाब: डावा ५८, उजवा १६.

दाब उतरवायला शिरेतून मॅनिटॉल दिलं, डोळ्यात लॅटानोप्रोस्टचे थेंब टाकले. संध्याकाळपर्यंत २९. कॉर्निया निवळल्यावर आत पाहता आलं: नस जिथे डोळ्यात शिरते ती चकती फिकट आणि मागे खचलेली. डावी नजर गेलेली आहे. मी काकूंना तसं स्पष्ट सांगितलं. आधी त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे ती हल्ली खेळत नाही, कोपऱ्यात पडून असते, ते वयानं नाही?"

वयानं नाही. सात म्हणजे काही म्हातारी नव्हे. इतक्या दाबाचा डोळा ठणकतो. माणसं अर्धशिशीसारखं दुखतं म्हणून सांगतात, उलट्या करतात. कुत्रा झोपतो, कमी खातो, डोक्यावरून हात फिरवू देत नाही, आणि आपण म्हणतो म्हातारं झालं.

१४ डिसेंबर

ब्राउनीला घेऊन मिरजेच्या काकांकडे. डाव्याचं जे व्हायचं ते झालं, खरा पेशंट आता उजवा डोळा आहे. कॉकरमध्ये प्राथमिक, म्हणजे दुसऱ्या आजाराशिवाय होणारा, काचबिंदू आधी एका डोळ्यात येतो, पण मुळातला दोष दोन्हीकडे असतो. निचऱ्याचा तो कोन डोळ्यांनी बघायचा होता आणि काकांकडे कोएप्पे भिंग आहे.

भुलीचा थेंब टाकला, मामांनी ब्राउनीला मांडीवर टेकवलं, काकांनी भिंग बसवून हातातला सूक्ष्मदर्शक लावला. आणि मग हसायलाच लागले. "अगं, हे काय? झाडाच्या मुळ्यांसारखं काहीतरी आडवं आलंय." माणसाच्या डोळ्यात हे नसतं. कुत्र्याच्या बुबुळाच्या मुळापासून कॉर्नियाकडे बारीक तंतू ताणलेले असतात आणि त्यांच्या फटींतून पाणी जातं. निरोगी कुत्र्यात फटी मोकळ्या, तंतू सुटे सुटे. ब्राउनीच्या उजव्या डोळ्यात अर्ध्याहून जास्त घेरात तंतू एकमेकांना चिकटून सलग पडदा झालेला होता, त्यात मोजकीच भोकं. शेवाळ धरलेली मोरीची जाळी असावी तसं. आज १६ दाब आहे तो त्या भोकांच्या जिवावर.

अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला २००० सालचा एक अभ्यास आहे. एका डोळ्यात प्राथमिक काचबिंदू झालेल्या कुत्र्यांच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्यात काहीच न टाकता ठेवलं तर त्यातल्या निम्म्यांचा तो डोळा आठेक महिन्यांत जातो. बीटॅक्सोलॉल या दाब कमी ठेवणाऱ्या औषधाचे थेंब चालू ठेवले तर हाच काळ ३१ महिन्यांच्या आसपास जातो. थेंब काचबिंदू थांबवत नाहीत, पुढे ढकलतात. पण सात वर्षांच्या कुत्रीला दोन वर्षं जास्त दिसणं म्हणजे थोडं नाही.

उजव्या डोळ्यात बीटॅक्सोलॉल दिवसातून दोनदा. त्याआधी नाडी मोजली, कारण बीटा ब्लॉकर थेंबातूनसुद्धा रक्तात जाऊन हृदयाचे ठोके मंदावतात. छोट्या कुत्र्यांत हे जास्तच बघावं लागतं.

८ जानेवारी २०२५

रात्री साडेनऊला फोन. हस्की, नर, पाच वर्षांचा, २२ किलो. संध्याकाळी पाचला फिरायला नेला तेव्हा बरा होता, आल्यावर उजवा डोळा मिटून बसला. मालक तरुण मुलगा. त्याच्या घरात डोळ्याच्या थेंबांची बाटली होती, पण "लाल डोळ्यात घरचे थेंब टाकू नका" ही आमच्या दवाखान्यातली पाटी वाचलेली असल्यामुळे त्याने ती उघडली नाही. पाटीचे पैसे वसूल.

दाब ५२. नजरेची खूण नाही, पण झगझगीत उजेडाला डोळा मिचकावतोय. म्हणजे वेळ आहे.

छाती ऐकली, रक्ताची झटपट तपासणी केली, कारण हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर मॅनिटॉल अंगाशी येतं. किलोमागे १ ग्रॅम धरला, म्हणजे २२ ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांचं ११० मिली. आणि बाटली काढली तर तळाला साखरेसारखे खडे. थंडीत मॅनिटॉलचे स्फटिक होतातच. मामांनी गरम पाण्याच्या पातेल्यात बाटल्या ठेवल्या, स्फटिक विरघळले, अंगाला सोसेल इतकी निवू दिली आणि गाळणीच्या सेटमधून अर्ध्या तासात सोडलं. दरम्यान लॅटानोप्रोस्टचा एक थेंब. पुढच्या हिवाळ्यात मॅनिटॉल खिडकीजवळच्या कपाटात ठेवायचं नाही.

तासाभराने ३१. दोन तासांनी १८. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, मालक घाबरला. लॅटानोप्रोस्टने कुत्र्याची बाहुली तशी होतेच, हे आधी सांगायला हवं.

पाणी तीन तास बंद. मॅनिटॉल डोळ्यातलं पाणी ओढून घेतं. लगेच भांडंभर पाणी प्यायला दिलं तर केलेली मेहनत परत डोळ्यात जाते. हस्की भांडं चाटत राहिला आणि त्या मुलाला ते बघवेना. मी त्याला बाहेर चहा प्यायला पाठवलं.

सकाळी: १५. हात पुढे नेला, पापणी लवली. पुढे लॅटानोप्रोस्ट दोनदा, डोळ्यातलं पाणी कमी बनवणारं डॉर्झोलामाइड तीनदा, दोन थेंबांत किमान पाच मिनिटांचं अंतर. डाव्या डोळ्याला प्रतिबंधक थेंब.

औषधांवर हा डोळा कायम राहील असं मात्र मी त्याला सांगितलेलं नाही. पाणी तयार करणारा भाग डायोड लेझरने थोडा जाळायचा, किंवा पाण्याला नवी वाट देणारी अहमद झडप बसवायची, हे पुढचे मार्ग. नजर आहे तोवर हे करण्यात अर्थ. नजर गेल्यावर झडप कुणासाठी?

२७ जानेवारी

जत भागातल्या एका धनगर कुटुंबाचा कुत्रा, वाघ्या. दोन्ही डोळे लाल, उजेड सहन होत नाही, पाणी गळतंय. गावात कुणीतरी "काचबिंदू असेल, सांगलीला न्या" म्हणून पाठवलेला.

दाब: ६ आणि ७.

इंटर्न यंत्र उलटसुलट करून बघायला लागली. यंत्र ठीक आहे. डोळ्याच्या आतल्या भागाला सूज आली, म्हणजे युव्हिआयटिस झाला, की पाणी तयार होणं मंदावतं आणि दाब पडतो. बाहुल्या बारीक, पुढच्या कप्प्यात गढूळपणा, कानात बोटभर गोचीड. हिरड्यांवर रक्ताचे ठिपके. प्लेटलेट खूप कमी. एर्लिकिया, आपल्याकडचा नेहमीचा गोचीड ताप.

डॉक्सिसायक्लिन २८ दिवस. फ्लुओरेसिनचा रंग टाकून कॉर्नियावर जखम नाही ना ते पाहिलं आणि सूज उतरवणारे प्रेडनिसोलोन ॲसिटेटचे थेंब दिले. आणि अ‍ॅट्रोपिन. हे लिहिताना मुद्दाम अधोरेखित करतेय. हस्कीचा डोळा लाल होता, वाघ्याचाही लाल आहे. अ‍ॅट्रोपिन बाहुली मोठी करतं. वाघ्याला त्याने आराम पडेल, बुबुळ लेन्सला चिकटणं टळेल. हस्कीला तेच टाकलं असतं तर कोनातली उरलीसुरली वाट बुजून रात्रीत डोळा गेला असता. दोन्ही डोळे दारातून बघणाऱ्याला सारखेच दिसतात. ६ आणि ५२ हे आकडे तेवढे सारखे नाहीत.

वाघ्याला महिन्याने परत बोलावलंय, बरं वाटलं तरी. युव्हिआयटिस निवल्यावर चिकटलेल्या बुबुळामुळे आणि कोनात साचलेल्या गाळामुळे दाब चढू शकतो. मालकाने विचारलं, "एवढ्या लांबनं परत कशाला, औषध हाय की." त्याला यंत्र दाखवलं, आकडा दाखवला, पुढे हा वीसच्या वर सरकायला लागला तर अ‍ॅट्रोपिन बंद करायचं म्हणून सांगितलं. येईल असं वाटतंय. बकरी बाजारला सांगलीला येणं होतंच, म्हणाला.

१९ फेब्रुवारी

ब्राउनीचा डावा डोळा काढला. थेंबांवर दाब ३५-४०च्या खाली टिकत नव्हता आणि आंधळ्या डोळ्यात दिवसातून पाच वेळा थेंब घालण्यात कुणाचंच भलं नव्हतं. डोळ्यात जेंटामायसिन टोचून पाणी बनवणारा भाग मारण्याचा पर्याय काकूंना सांगितला होता, आत कृत्रिम गोळा बसवण्याचाही. त्यांनी विचारलं, "तिला कशात कमी त्रास?" मग प्रश्नच मिटला.

काढलेला गोळा फॉर्मेलिनमध्ये घालून तपासणीला पाठवला. काढलेला प्रत्येक डोळा पाठवायचा, हाही आता नियम.

१ मार्च

ब्राउनीचे टाके काढले. काकू म्हणाल्या, चौथ्या दिवशी तिने चप्पल पळवली, वर्षभरानंतर. उजवा दाब १७. वाघ्या आला होता: १४ आणि १५, बाहुल्या सुट्या, प्लेटलेट वर. अ‍ॅट्रोपिन बंद.

११ मार्च

जॅक रसेल टेरियर, सहा वर्षांचा, एक डोळा लाल, दाब ४४. इंटर्नने सरळ लॅटानोप्रोस्टची बाटली उचलली. थांबवलं. टेरियर म्हटलं की आधी लेन्स कुठे आहे ते बघायचं. तिरप्या उजेडात पाहिलं तर लेन्स जागेवरून सुटून बाहुलीच्या पुढे आलेली, कडा चंद्रकोरीसारखी चमकत होती. या जातीत लेन्स धरून ठेवणारे धागे तुटण्याचा आनुवंशिक दोष आहे, एडीएएमटीएस१७ या जनुकातला, २०१० साली सापडलेला. अशा डोळ्यात बाहुली आवळली की पाण्याची वाट पुरती बंद. लॅटानोप्रोस्ट इथे वर्ज्य. मॅनिटॉल आणि डॉर्झोलामाइडवर दाब उतरवला आणि लेन्स काढण्यासाठी लगेच मुंबईला पाठवलं. दुसऱ्या डोळ्याची लेन्सही थरथरतेय, चिठ्ठीत तसं लिहिलं.

५ एप्रिल

पारा चाळिशीकडे. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, उघडलेली २५ अंशांच्या खाली आणि सहा आठवड्यांत संपवायची. सांगलीच्या एप्रिलमध्ये २५ अंश म्हणजे फ्रिजच. दरवाजात ठेवा, फ्रीझरजवळ नको. हस्कीवाल्या मुलाची बाटली दुचाकीच्या डिकीत निघाली. आकडा २४ होता, नवी बाटली चालू केल्यावर १७.

दुसरी अडचण दुपारची. डॉर्झोलामाइड आठ तासांनी हवं: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दुपारी दोनला घरी कोण? हस्कीकडे शेजारच्या मावशी तयार झाल्या, त्यांना दवाखान्यात बोलावून थेंब टाकायला शिकवलं: मागून हात आणायचा, हनुवटी उचलायची, वरची पापणी मागे घ्यायची, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. मावशींचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

२६ एप्रिल

मनी. देशी मांजर, अकरा वर्षांची, लसीला आलेली. डोळ्याची तक्रार नाही. उलट बाई म्हणाल्या, "हल्ली हिचा डावा डोळा इतका छान टपोरा दिसतो."

उजवा १५, डावा ४३.

लाली जवळजवळ नाही. मिटमिट नाही. डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी आणि गोळा खरोखर मोठा झालेला. मांजराचा काचबिंदू असाच येतो, कुत्र्यासारखा आरडाओरडा करत नाही. वय झालेली मांजरं मोजायची, हे पहिल्या दिवशी लिहिलं होतं ते याच्यासाठी.

मांजरात प्राथमिक काचबिंदू कमी. बहुधा मागे काहीतरी असतं. जुना युव्हिआयटिस, किंवा गाठ. मनीचं डावं बुबुळ तपकिरी-करडं, उजवं मधासारखं पिवळं. बाईंना मोबाइलमधले जुने फोटो काढायला सांगितले. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत दोन्ही डोळे सारखे पिवळे. पुढच्या पाडव्याला डाव्यात खालच्या बाजूला एक तपकिरी ठिपका, मुंगीएवढा. गेल्या गणपतीत अर्धं बुबुळ. फोटो मागे-पुढे सरकवत बाई म्हणाल्या, "मला वाटलं उजेडामुळे तसं दिसतंय."

बुबुळात पसरणारा मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींची गाठ, असं माझं मत. तपकिरी पेशी कोनात जाऊन बसल्या की निचरा बंद. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी केली, दोन्ही स्वच्छ.

तोवर डॉर्झोलामाइड. इंटर्नने विचारलं, लॅटानोप्रोस्ट का नाही? मांजरात त्याने बाहुली बारीक होते, दाब मात्र उतरत नाही. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर मिसळलेली जोड-बाटलीही नको, मनीला मधूनमधून दम्याची उबळ येते. मॅनिटॉलचं इथे काम नाही, हे महिनोन्‌महिने चढलेलं आहे. आणि जेंटामायसिन टोचण्याचा पर्याय मांजरासाठी माझ्या यादीतच नाही, तशा डोळ्यांत पुढे सार्कोमा हा कर्करोग होण्याचा धोका असतो.

थेंब टाकल्याबरोबर मनीने तोंडातून फेस काढला. बाईंना वाटलं विष बाधलं. थेंब अश्रूनलिकेतून घशात उतरतो आणि कडू लागतो, एवढंच. नंतर चमचाभर दही चाटवा.

१७ मे

मनीचा डावा डोळा काढला होता. बाई आधी तयार नव्हत्या. दिसत नाही पण दुखतही नाही ना, मग कशाला? दुखत असतं, मांजर सांगत नाही. पण खरं कारण गाठ आहे, ती डोळ्याबाहेर पडायच्या आत काढायची. अहवाल आला: मेलॅनोमा, पेशी कोनभर पसरलेल्या, कापाच्या कडा स्वच्छ. ही गाठ उशिरा, वर्षं गेल्यावरही यकृतात किंवा फुप्फुसात उगवू शकते, त्यामुळे दर सहा महिन्यांनी एक्स-रे आणि सोनोग्राफी. बाई म्हणाल्या, आता फोटोत ती डोळा मारल्यासारखी दिसते.

हस्की: २७, सगळे थेंब वेळेवर चालू असताना. नजर आहे. आता थांबण्यात अर्थ नाही, लेझरसाठी आजच चिठ्ठी दिली.

३ जून

दवाखान्याजवळच्या मेडिकलवाल्यांकडे जाऊन आले. भाषण दिलं नाही, कागदाचा एक तुकडा दिला: कुत्र्या-मांजराच्या लाल डोळ्यासाठी थेंब मागितले तर देऊ नका, दाब मोजायला पाठवा, मोजण्याचे पैसे आम्ही घेत नाही. एकजण म्हणाला, "मॅडम, नाही दिलं तर पुढच्या दुकानात जातात." जातील. पुढच्या दुकानातही कागद दिलाय.

१० जून

ब्राउनी, उजवा डोळा, सकाळी नऊ: २४. पट्टा काढलेला, झटापट नाही. डिसेंबरपासून १६-१७वर स्थिर होता. परत मोजला, २४. सकाळी दाब थोडा चढा असतो हे धरूनही मला हा आकडा आवडलेला नाही. पापणी लवतेय, कापसाचा बोळा दिसतोय, चकती गुलाबी आहे.

बीटॅक्सोलॉलसोबत डॉर्झोलामाइड चालू केलं, तीन वेळा. घरी ठेवायला लॅटानोप्रोस्टची एक बाटली दिली, फक्त रात्री-अपरात्री डोळा लाल किंवा निळसर झाला तर एक थेंब टाकून, मला फोन करत, तसंच निघण्यासाठी. ब्राउनीच्या घरच्या काकांनी बाटलीवर चिकटपट्टी लावून माझा नंबर लिहिला आणि फ्रिजच्या दरवाजात अंड्यांच्या कप्प्यात ठेवणार म्हणाले. लेझरचा विषय काढून ठेवलाय. २४ जूनला सकाळी नऊलाच परत मोजायचं, इंटर्नने, मामांनी धरून.